पोकळ अक्षरं

मुरबाडच्या बाजारात पाट्या रंगवणारा काळूराम अक्षरांच्या नुसत्या कडा काढायचा. आत रंग भरायची ती त्याची बायको जनी. तिला वाचता येत नव्हतं. ‘ळ’ला ती दोन लाडू म्हणायची. एकदा वैतागून म्हणाली, “अवो, कोपऱ्यात कुंचला शिरत नाय. जरा गोल काढा की.” त्यानं सगळे कोपरे गोल केले. तेव्हापासून त्याची अक्षरं अशी गुबगुबीत झाली.

एकोणीसशे अडतीस सालच्या भादव्यात जनी हिवतापानं गेली. पौषात म्हसा गावची जत्रा आली, आणि दामू हलवायाला पाटी हवी होती. काळूरामनं कडा काढल्या, कुंचला रंगात बुडवला आणि तसाच बसून राहिला. दामू आला तेव्हा अक्षरं रिकामीच होती.

“उद्या भरतो,” काळूराम म्हणाला.

“भरू नको रे! फुग्यावानी दिसतात. पोरं धावत येतील बघ.”

आली खरी. मग बांगडीवाले, पाळणेवाले, तंबूतला सिनेमावाला, सगळ्यांना तसलीच अक्षरं हवी झाली. “काय नवी तऱ्हा काढलीस!” असं लोक म्हणत, आणि हा खाली मान घालून ब्रश पुसत राही.

त्या अक्षराचा स्वभाव त्याला ठाऊक होता. मोठं काढलं तरच खुलायचं. बारीक केलं की पोट बुजायचं. शहापूरच्या एकानं मेलेल्या बापाचं नाव पाणपोईवर तसं मागितलं, तर काळूराम म्हणाला, “नको. हे अक्षर हसतं.” आणि साधी भरीव अक्षरं दुसऱ्याकडून करून घ्यायला सांगितली.

त्रेचाळीस साली रेशनचं दुकान निघालं. पाटी काळूरामकडेच आली. पण रांगेच्या शेपटाला उभ्या माणसांना ती पोकळ अक्षरं लांबून वाचता येईनात.

“आत काळा रंग भर,” कारकून म्हणाला.

काळूराम शिडीवर चढला. हात कडेबाहेर गेला. रॉकेलनं पुसून त्यानं पुन्हा भरलं, पुन्हा ओघळलं. पाच वर्षांत तो एकदाही आत रंग भरायला बसला नव्हता. शेवटी ‘धान्य’चा नुसता डाग झाला. पिशव्या धरून उभी असलेली माणसं बघत होती. कोणी हसलंही नाही.

“राहू दे, कल्याणहून कोणाला तरी बोलावतो,” कारकून हळूच म्हणाला.

बातमी कळून त्याची बहीण ठमी तिच्या वैशाखरे गावाहून आली. तो चुलीपुढे बसला होता. चूल पेटवलेली नव्हती.

“काय झालं रे दादा?”

“रंग भरनारी गेली गो,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं होतं.

ठमीनं त्याला आपल्या घरी नेलं. तिथं तो म्हशी चारायचा, गवताचे भारे बांधायचा. जत्रेच्या दिवसांत रस्त्यानं गाड्या निघाल्या की ती विचारायची, “येतोस?”

तो मान हलवून नाही म्हणायचा आणि गोठ्यात जायचा.