कापून नेलेला चेहरा

आमचे सर सायप्रसचे. बायझंटाइन पुरातत्त्व शिकवायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरहून अमेरिकेत त्यांच्याकडे पीएच.डी. करायला आले. त्याच्या बरंच आधी त्यांचं बेट लढाईत दुभंगलं होतं. त्यांचं गाव, घर आणि तरुणपणी त्यांनी बायकोबरोबर खपून साफ केलेलं सहाव्या शतकातलं एक चर्च, सगळं काटेरी तारांच्या पलीकडे राहिलं. बायको अमेरिकेत आल्यावर वारली. मूलबाळ नव्हतं.

दर वसंतात त्या चर्चच्या आठवणीसाठी डिपार्टमेंटमध्ये एक व्याख्यान व्हायचं. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य मोडलं तरी पूर्वेकडे ते बायझंटाइन म्हणून पुढे किती शतकं जगलं, हे सर सांगायचे आणि शेवटी वेदीमागच्या भिंतीची स्लाइड दाखवायचे. काचेच्या बारीक रंगीत तुकड्यांतून घडवलेला एक संत. गाल ओढलेले, डोळे मोठे. ऐकायला वीसेक माणसं असायची.

एका हिवाळ्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. शेजारच्या राज्यातल्या पुराणवस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे त्याने तसाच चेहरा विकायला ठेवलेला पाहिला होता.

"तू ड्राइव्ह करशील का?" सरांनी मला विचारलं. त्यांना मोतीबिंदू होता.

वाटेत ते "तसे चेहरे पुष्कळ असतात," एवढंच दोनदा म्हणाले.

दुकान कसलं, गालिचे घातलेला दिवाणखानाच होता तो. व्यापाऱ्याने आम्हाला गिऱ्हाईक समजून कॉफी दिली आणि आतून एक जड लाकडी चौकट आणवली. चौकटीत फक्त चेहरा. मानेपाशी करवतीने कापल्याची सरळ रेघ दिसत होती. सर खाली वाकले, चष्मा काढून अगदी जवळून बघू लागले. मग डाव्या डोळ्याखालच्या करड्या ठिगळावर त्यांनी बोट ठेवलं.

"इथले तुकडे गळून पडले होते. हा गिलावा माझ्या बायकोने भरलाय. मुद्दाम जरा खोलगट ठेवला, दुरुस्ती कुठली ते पुढच्यांना कळावं म्हणून."

व्यापारी शांतपणे म्हणाला, "आपली काहीतरी चूक होतेय. हा युरोपातल्या एका जुन्या संग्रहातला आहे."

मी नजर वळवली, तर कोपऱ्यातल्या स्टँडवर बुद्धाचं एक दगडी मस्तक होतं. माझे वडील आम्हाला लेणी दाखवायला न्यायचे. तिथे धडावर डोकं नसलेल्या मूर्तींसमोरही आई हात जोडायची. लहानपणी मी तिला विचारलं होतं, डोकी कुठे गेली? ती म्हणाली होती, नेली कुणीतरी. माझे हात आपोआप जोडले गेले. सरांनी ते पाहिलं.

"तुमच्याकडचं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. कुठलं ते कसं कळणार?"

"खरंय," ते म्हणाले. "माझं निदान मला कळलं."

परत आल्यावर त्यांनी सायप्रसच्या वकिलातीला फोन केले, पोलिसांना केले, चर्च साफ केलं त्या काळचे फोटो पाठवले. चौकशीला माणसं पोचायला काही आठवडे लागले. तोवर चौकट तिथे नव्हती. असली वस्तू आपल्याकडे कधी आलीच नाही, असं व्यापाऱ्याने सांगितलं. युनिव्हर्सिटीनेही हात झटकले. आमच्या म्युझियमला वस्तू देणारे काही संग्राहक याच व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक होते. डीननी सरांना बोलावून व्याख्यानात हा विषय नको, असं सुचवलं.

वसंतात सर बोलायला उभे राहिले. स्लाइड लावायला मी होते. संत पडद्यावर आला. नेहमीची माहिती सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ही भिंत आता अशी नाही. चेहरा कापून नेलाय आणि तो याच देशात आहे. मी त्याला हात लावून आलोय." पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले; टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढच्या वर्षी ते व्याख्यान कॅन्सल केलं गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, सरांनी विचारलंही नाही.

त्यानंतर ते खचले. वर्गात वाक्य अर्ध्यावर सोडायचे. पुढे ते हॉस्पिटलमध्ये होते; मी भेटायला जायचे तेव्हा ते ग्रीकमध्ये बोलत, मला बायको समजून. एकदा म्हणाले ते मला कळलं, कारण ते इंग्रजीत होतं, "घर बंद केलंस ना नीट?"

"हो," मी म्हटलं.

ते गेले त्या हिवाळ्यात जमीन इतकी गोठली होती की दफनाला थांबावं लागलं. त्यांच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी इथल्या ग्रीक चर्चमध्ये प्रार्थना झाली. आम्ही सहा-सातजण होतो. प्रार्थनेनंतर एका म्हाताऱ्या ग्रीक बाईंनी कागदी कपात काहीतरी आणून दिलं. उकडलेले गहू, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे.

"मेलेल्या माणसाच्या नावाने खायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"विद्यार्थिनी," मी म्हटलं आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं.