दुसऱ्या फॉर्मवरची मुलगी

राजारामपुरीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर वधू-वर सूचक केंद्र होतं. आमच्या गावी, गारगोटीत, कॉम्प्युटरचा कोर्स करून मी कोल्हापुरात आले आणि पहिली नोकरी मला तिथं लागली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळेच काकू म्हणत. लग्नं जुळवणं हे त्यांचं काम, पण कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आलेल्या पावण्यांना त्या एकच गोष्ट दोनदा विचारायच्या, दुसऱ्यांदा जरा फिरवून.

मला कामावर घेतानाही त्यांनी विचारलं, "तुझं लग्न ठरलंय?"

"नाही."

"मग इथले फोटो बघताना डोकं ठिकाणावर ठेवायचं."

आधी सगळी स्थळं कार्डांवर होती. ती कार्डं वर्षानुवर्षं लिहिणारे एक मामा अजून खिडकीशी बसायचे. आता काकूंनी शाहूपुरीतल्या एका प्रोग्रॅमरकडून सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. त्यात दोन फॉर्म होते. पहिल्यावर नाव, जन्मवेळ, शिक्षण, पत्ता. खाली 'पुढील माहिती' असं बटण. ते दाबलं की त्याच माणसाचा दुसरा फॉर्म उघडायचा. त्यावर उंची, आहार, व्यसन, आधीचा विवाह, अपेक्षा. कागदी अर्जाच्या दोन बाजू असतात तसंच. मी कागद समोर ठेवायचे, पुढची बाजू पहिल्या फॉर्मवर टाइप करायची, कागद उलटायचा, बटण दाबायचं.

काही आठवडे सगळं नीट चाललं. मग एके दिवशी मंगळवार पेठेतले एक गृहस्थ चपला न काढताच आत आले.

"कुठं हाय ती माहिती लिवणारी?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "माझ्या पोरीला बघाय निपाणीकडची माणसं आलती. पोहे खाल्ले, आणि चारचौघांत इचारत्यात, पहिलं लगीन कशानं मोडलं? अवो, पोरीचं अजून पहिलंच व्हायचंय!"

काकूंनी मला मुलीचं नाव काढायला लावलं. पहिला फॉर्म बरोबर होता. बटण दाबलं. दुसऱ्या फॉर्मवर सरळ लिहिलं होतं: आधीचा विवाह, घटस्फोट. ते मीच टाइप केलं असणार, पण कुणाचं म्हणून, हे काही केल्या आठवेना.

ते गृहस्थ गेल्यावर काकूंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "कुणी सांगितलं होतं तुला असं लिहायला? दुसऱ्या केंद्रातलं कुणी भेटलं होतं?"

"नाही हो काकू."

"मग आपोआप झालं?"

संशय मलाही आला होता, पण मामांचा. कार्डं बंद झाल्यापासून ते माझ्याशी धड बोलत नव्हते, आणि दुपारी मी डबा खायला मागच्या खोलीत गेले की कॉम्प्युटरपाशी ते एकटेच असायचे. मी एक युक्ती केली. कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि त्यावर पेन्सिल आडवी ठेवून गेले. परत आले तर पेन्सिल टेबलावर.

"मामा, कॉम्प्युटरला हात लावलात?"

"मी? त्या डबड्याला?" मामा एकदम भडकले. "मी बोट बी लावत न्हाय. मालकीणबाई बसल्यात्या तितं. त्यास्नी इचार की."

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. "मीच बघत होते," त्या म्हणाल्या. "तू काय काय लिहितेस ते. आणि मला सांग, हा गारगोटीचा मुलगा दारूडा कधी झाला?"

मी बघितलं. सरकारी नोकरीतला मुलगा, गावात चांगलं नाव. दुसऱ्या फॉर्मवर मात्र 'व्यसन: आहे'. म्हणूनच त्याच्या स्थळाला एकही फोन येत नव्हता.

"तुझ्याच गावचा," काकू म्हणाल्या. "फोटोही चांगला आहे. बाकीच्या मुलींना तो दिसूच नये, अशी सोय केलीस होय गं?"

मला रडू आलं. त्याचा फोटो मी बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ पाहिला होता, ही गोष्ट खरी. त्यामुळे मला धड ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी मीच हट्ट धरून प्रोग्रॅमरला बोलावून घेतलं. तिशीचा, चष्मेवाला माणूस. त्यानं दोन-चार नावं काढून बटण दाबलं. सगळं बरोबर. "ऑपरेटरची चूक आहे," तो काकूंना म्हणाला.

"मग माझ्याशेजारी बसा आणि बघा," मी म्हटलं.

तो बसला. काकू पाठीमागे उभ्या राहिल्या. मी जपून अर्ज भरत गेले, काहीच चुकलं नाही. मग एका मुलाचा अर्ज आला, त्याची मागची बाजू कोरी होती. वडील नंतर सांगणार होते. मी सवयीनं बटण दाबलेलंच होतं. कोरा दुसरा फॉर्म उघडला. तो मी बाजूला सरकवला, त्यामागच्या पहिल्या फॉर्मवर पुढच्या अर्जातलं नाव घेतलं, त्याचा तपशील टाइप केला, कागद उलटला आणि बाजूच्या कोऱ्या फॉर्मवर लिहायला लागले.

"थांबा," तो म्हणाला. "हा बंद नाही केलात?"

"कशाला? कोराच तर आहे."

त्यानं चष्मा काढला. "कोरा आहे, पण आधीच्या मुलाचा आहे. तुम्ही पहिल्या फॉर्मवर पुढं गेलात, हा मागंच राहिला." जरा वेळानं तो काकूंकडे वळला. "चूक माझी आहे. बटण दाबलं की दोन्ही फॉर्म जुळतील, एवढंच मी केलं. त्यानंतर पहिल्यावरचं नाव बदललं तर दुसऱ्यानंही बदलायला हवं, ते करायचं राहिलं. वर कुणाचं नावही दिसत नाही. यांना कळणार कसं?"

आम्ही कागद काढले. त्या मुलीच्या अर्जाची मागची बाजू कोरी होती. गारगोटीच्या मुलाचीही. त्यांच्यानंतरच्या अर्जांची मागची बाजू मी त्यांच्या नावावर लिहिली होती.

मला वाटलं, सुटले. काकूंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आत्ता ऑपरेटरची चूक म्हणत होता, आणि लगेच स्वतःची? तुमची आधीची ओळख आहे का?"

तो बिचारा लाल झाला. त्यानं दोन्ही फॉर्म नीट जोडून दिले, दुसऱ्यावर ठळक अक्षरात नाव आणलं आणि चहा न घेताच गेला.

त्या संध्याकाळी काकू मला घेऊन मंगळवार पेठेत गेल्या. त्यांनी मुलीच्या वडिलांची हात जोडून माफी मागितली, हे मी पहिल्यांदाच बघत होते. वडील निवळले. मुलीची आई मात्र माझ्याजवळ सरकली. "मग ती घटस्फोटाची कोण? आमच्या वळखीतली हाय काय?"

"ते नाही सांगता येणार, मावशी."

"आमची एवढी बेअब्रू झाली, आणि नाव सुदीक न्हाय?"

"तिची कशाला करायची?" कोपऱ्यात उभी असलेली मुलगी म्हणाली.

परतताना रिक्षात उमा टॉकीजचा चौक मागं पडल्यावर काकू म्हणाल्या, "नाव नाही सांगितलंस, बरं केलंस." आणि थोड्या वेळानं, "त्या प्रोग्रॅमरला तू आधी खरंच ओळखत नव्हतीस?"

पुढं दोनेक वर्षं मी तिथं होते. मामा हळूहळू बोलायला लागले. काकू अधूनमधून कव्हर उचलून बघतच राहिल्या, आणि मीही त्यांची पावलं ओळखायला शिकले. मंगळवार पेठेतल्या त्या मुलीचं लग्न नात्यातूनच इचलकरंजीत ठरलं. लग्नपत्रिका केंद्राच्या पत्त्यावर आली, पण वर नाव माझं होतं. काकूंनी ती उलटसुलट करून वाचली.

"तुला एकटीलाच?"

"आपण दोघी जाऊ की."

आम्ही गेलो. कार्यालयात काकू नवरदेवाच्या आत्याशेजारी जाऊन बसल्या. जेवणं होईपर्यंत त्या तिला काय काय विचारत होत्या, कोण जाणे.