तीन रिंगा

भीती आणि काटकसर या दोन सवती एकाच घरात इतक्या गुण्यागोविंदानं नांदताना मी माझ्या बायकोच्या मामांखेरीज कुठंच पाहिल्या नाहीत. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या सास्तूरमध्ये मामा आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहतात. मामी त्या भूकंपात गेल्या. तेव्हापासून मामा भिंतीपासून हातभर लांब झोपतात, मांडणीच्या वरच्या फळीवर काही ठेवत नाहीत आणि उसाचा ट्रक गेला तरी अंगणात येऊन उभे राहतात.

फोन हवा, हे त्यांना भीतीनं पटवलं. कोणता हवा, हे काटकसरीनं ठरवलं. मोबाईल नको, कारण "त्याला रोज जेवाय घालावं लागतंय." मग घरचा फोन. पण जोडणीची फी माफ होईपर्यंत ते आठ महिने थांबले. तोवर भूकंपानंही थांबावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. अखेर फॉर्म घेऊन माणूस आला. दारापासून आत वायरीला जादा पैसे पडतात, हे कळताच मामांनी फोन उंबऱ्याशीच बसवून घेतला. "पळता पळता उचलाय बरा!" योजना दोन होत्या. एकीत भाडं कमी, पण आपण केलेल्या प्रत्येक फोनला पैसे. दुसरीत थोडं जास्त भरून हवं तेवढं बोला. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मला शेतावर जायची घाई होती. मी म्हणालो, "घ्या स्वस्तातली. तुम्ही बोलताय तरी कुणाशी?" हे वाक्य मला अजून टोचतं.

मग मामांनी रिंगांचा कायदा केला. एक रिंग म्हणजे उठलो, बरा आहे. दोन म्हणजे चहाला या. तीन म्हणजे पळत या. मी फोन उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. एकदा सवयीनं उचलला, तर पलीकडून किंकाळीच आली, "उचलला का! गेले की पैसे, जावईबापू!"

"मामा, बरे आहात ना?"

"बरा हुतो, उचलेपतूर!"

तीन रिंगांना मी एकदा अंगाला साबण असताना धावलो. भांडं पाडलं होतं, मांजरानं. दुसऱ्यांदा जेवणावरून उठलो, तर मामा दारात उभे. "काय न्हाय, बघत हुतो किती येळात येताय. उशीर लई केला."

त्यानंतर एका सकाळी लोहाऱ्याला तहसीलमध्ये काम होतं. निघताना मी फोनचा आवाज मुद्दाम बंद केला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती त्या दिवशी माहेरी होती. अकराच्या सुमारास रांगेत कुणीतरी म्हणालं, "सास्तूरकडं जमिनीतनं आवाज झाला म्हणं सकाळी." मी फोन काढला. मामांचे दोन मिसकॉल. रिंगा किती वाजल्या, हे फोन सांगत नाही. एक की तीन? बरा आहे की पळत या? उलट फोन लावला, तर कुणी उचलेना. माझ्या रिंगाही मामा खूणच समजतात. मोटारसायकल मी कशी चालवली, आठवत नाही. आमच्या गल्लीत एकही भिंत पडलेली नव्हती, तरी मी न थांबता मागच्या गल्लीत वळलो.

मामा अंगणात बसले होते. वायर पुरेल तिथवर फोन ओढून मांडीवर घेतलेला.

"आवाज झाला. तीन दिल्या," ते म्हणाले. "तुमी येईना. मग म्या म्हणलं, जाऊ द्या पैसे. ठिवलाच न्हाय. आपोआप बंद पडंस्तवर वाजू दिला. तुमी उचलाल म्हणलं."

"रेंज नव्हती, मामा," मी खोटं बोललो.

"व्हय? मग कंपनीकडनं कायतरी परत मागाय पायजे," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना न सांगता योजना बदलली. जादा पैसे मीच भरतो. आता त्यांना कितीही बोललं तरी फुकट आहे. पण ते बोलत नाहीत. रोज सकाळी एकच रिंग वाजते. आवाज मोठा ठेवून मी तिच्या आधीच जागा असतो. उचलावंसं फार वाटतं. पण उचलला, तर मामांचा जीव हळहळेल, म्हणून ती संपेपर्यंत मी फोनवर नुसता हात ठेवून बसतो.