इअरफोनचं दुसरं टोक

सदाशिवकाकांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या मोखाड्याच्या फोटो स्टुडिओतली. नोकरीसाठी फोटो हवा होता आणि मी स्टुलावर खांबासारखा ताठ बसलो होतो. काकांनी कॅमेरा खाली ठेवला, इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं, दुसरं स्वतःच्या. कुणी नवी पोरं गिटारवर गात होती. “आवडलं?” काकांनी विचारलं. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात फोटो निघालाही. नोकरी मिळाली नाही, पण काकांचा शिष्य झालो. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळतो आहे.

लग्नांच्या फोटोंवर काकांचं घर चाललं, पण त्यांचा जीव रमला तो रोजच्या फोटोंत. बाजारात बांगड्या भरून घेणारी बाई, जीपची वाट पाहत पेंगणारा म्हातारा, नाचणीच्या खळ्यावर चहा पिणारी माणसं. फोटोची पहिली प्रत ज्याची त्याला द्यायची आणि त्याच्या होकाराशिवाय फोटो कुठेही लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

गाण्यांची आवडही जगावेगळी. घरच्या खोलीत स्वतःची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांना ते ऐकतात, त्या गाण्यांना ‘इंडी’ म्हणतात. “काका, इंडी म्हणजे काय हो?” असं मी एकदा विचारलं. “कुणाला न विचारता गातात ते,” काका म्हणाले. या वयात भजनं ऐकावीत, असं काकूंचं मत आहे आणि त्यापुढे काकांचंही काही चालत नाही.

सध्या त्यांचं सर्वांत आवडतं गाणं मंजुळाचं आहे. मंजुळा जव्हारकडच्या वावर गावची. तिथे कुपोषणाने मुलं दगावली त्या काळात ती लहान होती. बाहेरून आलेल्या कुणीतरी तिच्या बरगड्या दिसतील असा फोटो काढून नेला, तो पेपरात छापून आला आणि जन्मभर तिच्या मागे लागला. त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिली नाही. यंदा तिने मैत्रिणींसोबत घरच्या बोलीत गाणं केलं, तर ते नेटवर चढवून देणारा शहरातला ओळखीचा म्हणाला, दुसरा फोटो नसेल तर तोच जुना लावू, लोक थांबून ऐकतील.

म्हणून मंजुळा स्टुडिओत आली. काकांनी तिचंच गाणं लावून इअरफोनचं एक टोक तिला दिलं. तिचे आखडलेले खांदे काही सैल होईनात. काकांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. “राहू दे पोरी, आधी जेवू.” मला रागच आला. ज्या फोटोसाठी ती एवढ्या लांबून आली तो सोडून काका डबा उघडत होते! भाकरी आणि बोंबलाची चटणी होती. गाणं दोघांच्या कानांत चालूच होतं. मध्येच मंजुळा म्हणाली, “काका, इथं माझा सूर पार गेला,” आणि घास तोंडात असतानाच खो खो हसत सुटली. मग तिनेच कॅमेऱ्याकडे बोट केलं. “आता काढा.”

फोटो पाहून मी म्हणालो, “पुन्हा काढू या, गाल फुगलाय.” काकांनी मात्र तिच्याकडे पाहिलं.

“योच लावा,” मंजुळा म्हणाली. “यात माझा तोंड भरलेला हाय.”

काकांनी पहिली प्रत तिच्या हातात ठेवली. गाण्यावर तोच फोटो लागला.

जव्हार-मोखाड्याचे फोटो काढायला बाहेरून माणसं येतच राहतील. काका, आमची भरल्या घासाची तोंडं टिपायला तुम्ही आमच्यात हवे आहात. तुमचे डोळे, तुमचे कान आणि तुमचा हात असेच धड राहोत. शंभरी गाठा, आणि त्या दिवशीही आधी आम्हाला जेवायला बसवा.