एडिथबाईंचं बोलतं रीळ

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आम्ही जुनी मंडळी जेवायला जमलो, की पानात मीठ पडायच्या आत एडिथबाईंचा किस्सा निघतो. किस्से तेच, दर वेळी थोडे फुगलेले!

एडिथबाई आमच्या शेजारी राहायच्या. ऐंशीच्या दशकात वयानंही ऐंशी ओलांडलेल्या. बायका अर्थशास्त्राच्या वाटेला जात नसत, तेव्हा त्या इकॉनॉमिस्ट झाल्या आणि मग प्रोजेक्टर घेऊन शाळाशाळा फिरल्या. ध्यास एकच, फिल्म दाखवा, मूल बोलतं होईल! पुढे एका शाळेनं व्हिडिओ आणला आणि त्यांची रिळं कचऱ्यात टाकली. "मुलं झोपतात," म्हणे! बाई फार दुखावल्या. रिळं उचलून थेट आमच्या रविवारच्या मराठी वर्गात आल्या. आमची मुलं झोपत नसत, पण मराठीचा एक शब्द काढतील तर शपथ!

*

पहिल्याच रविवारी पाव कसा बनतो ती फिल्म संपल्यावर मी चुकून उलटं बटण दाबलं. पाव पिठात गेला, पीठ गव्हात, गहू जमिनीत! मुलं खिदळायला लागली. मी बंद करायला धावलो, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. यालाच मंदी म्हणतात!"

*

माझ्या बायकोनं, शैलानं, त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. घरोघरी ड्राइव्ह कोण करणार, म्हणून सगळ्या आमच्याकडेच वाण घेऊन आल्या. सगळ्यांनी एकाच सेलमधले तेच प्लॅस्टिकचे डबे आणलेले!

"म्हणजे देवघेव शून्य," बाई म्हणाल्या. शैला हिरमुसली. तेवढ्यात बाईंनी आपली भरलेली पिशवी उचलली. "नफ्यात मी एकटीच. मी काही आणलंच नव्हतं!"

*

एकदा जेवताना त्यांनी थिअरी सांगितली, पहिल्या पुरणपोळीची मजा तिसरीत नसते. आमच्यातल्याच सुलूकाकूंनी चौथी वाढली, वर तुपाची धार. बाईंनी ती संपवली.

"थिअरीत तूप धरलं नव्हतं!"

*

आणि मग एका रविवारी आवाज गेला. पडद्यावर चित्र हलतंय, स्पीकर मुका.

"काका, फिक्स इट!" मुलं ओरडली.

"काय चाललंय ते तुम्हीच सांगा की, मराठीत," मी वैतागून म्हणालो.

मग आमची लेक नेहा, जी घरी फक्त "आय डोन्ट नो" म्हणायची, ती उठली. "तो माणूस गाईला ओढतो. ती येत नाही!"

"गाय नाही, बैल आहे तो!" मागून बंटी.

"गाय!"

"बैल!"

कडाक्याचं भांडण जुंपलं, आणि तेही मराठीत! दारात उभ्या शैलाचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

मी पडलो इंजिनिअर. वर्ग सुटल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. बघतो तर स्पीकरची वायरच जागेवर नाही! टेबलाखाली वाकून शोधतोय, तर बाईंनी पर्स उघडली, वायर काढून मला दाखवली आणि परत आत टाकली.

"अजून काही रविवार सापडू देऊ नकोस!"