प्रमोदच्या व्हॅनचं स्टिअरिंग

बदलापूर पूर्वेला कात्रपच्या एका चाळीत राहणारा प्रमोद वाघमारे गेली कित्येक वर्षं एकच काम करत होता. सकाळी चामटोलीला जायचं, तिथून जांभूळपर्यंत रस्त्यात उभ्या असलेल्या बायका आपल्या जुन्या व्हॅनमध्ये घ्यायच्या आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कंपनीच्या गेटवर सोडायच्या. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. एखादीला उशीर झाला तर तो हॉर्न मारायचा नाही, उतरून गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाक मारायचा. पुढची सीट चामटोलीच्या कौसाबाईंची. त्या वयाने मोठ्या, आणि पहिल्या चढायच्या.

कामावरून आला की विहाराच्या हॉलमध्ये कॅरम. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. एका उन्हाळ्यात मात्र तो पोराटोरांकडून हरायला लागला. त्याने नवा स्ट्रायकर घेतला, मग पावडर बदलली, मग बोर्डच वाकलाय म्हणून खेळायला जायचं बंद केलं.

त्याच सुमारास त्याला स्टिअरिंग जड लागायला लागलं.

आधी त्याने चाकांत हवा वाढवली. मग पुढचे टायर बदलले, अलाइनमेंट करून घेतली. काही फरक पडेना. वळणावर दोन्ही हातांनी ओढलं तरी खांदे भरून यायचे. शेवटी तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टेकूभाईच्या गॅरेजवर गेला. टेकूभाई सिंधी, वय साठीच्या पुढे. प्रमोदची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हाताखालची.

टेकूभाईने गाडी वर चढवली, खाली शिरला, मग स्वतः सीटवर बसून चाक इकडून तिकडे फिरवलं.

"स्टिअरिंगची रॅक एकदम ठीक आहे, प्रमोद. बिना पॉवरची गाडी आहे, इतना तो लगेगाच."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही रे बाबा."

"मग बदल रॅक."

टेकूभाईने रॅक बदलली. गाडी होती तशीच राहिली.

घरी त्याची बायको माया म्हणाली, "आधी डॉक्टरला हात दाखवा. डब्याचं झाकण निघत नाही हल्ली तुमच्याकडून."

"झाकणच घट्ट बसतं," प्रमोद म्हणाला.

एक दिवस बदलापूरच्या नाक्यावर त्याने दुसऱ्या एका ड्रायव्हरला नवी व्हॅन वळवताना पाहिलं. एक हात खिडकीबाहेर, दुसरा चाकावर नुसता ठेवलेला. दुपारीच प्रमोद पुन्हा टेकूभाईसमोर उभा राहिला.

"पॉवर स्टिअरिंग बसवून दे गाडीला."

"कंपनीने दिलेलं नाही या मॉडेलला."

"बसवता येतं की नाही ते सांग."

टेकूभाईने कान खाजवला. "येतं. भंगारातल्या छोट्या गाडीचा स्टिअरिंगचा कॉलम मिळायला पाहिजे, मोटरसकट. पासिंगचं काय करायचं ते मी बघतो." मग त्याने विचारलं, "पण तू एकदा डॉक्टरकडे..."

"तू गाडीचा डॉक्टर आहेस ना? गाडीचं बघ."

कॉलम मिळाला. टेकूभाईने डॅशबोर्ड सोडवला, जुना दांडा काढला, ब्रॅकेट बनवून नवा कॉलम बसवला. वेल्डिंग केलं नाही, खास जॉइंट बनवून घेतला. मोटरची वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. प्रमोद पूर्ण वेळ शेजारी स्टुलावर बसून होता. एकदा टेकूभाईने त्याच्याकडे पाना मागितला. प्रमोदने तो उचलला आणि तो त्याच्या हातातून खाली पडला. टेकूभाईने स्वतःच वाकून पाना उचलला.

काम संपल्यावर टेकूभाई म्हणाला, "एक लक्षात ठेव. याला स्पीडची वायर देता आली नाही. गाडी पळताना पण स्टिअरिंग एवढंच हलकं राहील. सांभाळून."

प्रमोदने इंजिन चालू केलं, एका बोटाने चाक फिरवलं आणि मोठ्याने हसला. असं हसताना टेकूभाईने त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चामटोलीत त्याने कौसाबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"फिरवा."

कौसाबाईंनी भीत भीत फिरवलं. "आरं, हे तं जात्यापरीस हलकं!"

महिना-दीड महिना बरा गेला. माया झाकण आता आधीच सैल करून डबा द्यायची.

मग जांभूळजवळच्या वळणावर, बायका भरलेल्या असताना, प्रमोदचा हात चाकावरून घसरला. त्याला बोटं परत आवळताच आली नाहीत. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मातीच्या बांधाला टेकून थांबली. कोणाला लागलं नाही. मागे एक मुलगी रडत होती. प्रमोद समोर बघत बसला होता.

"हात दाव," कौसाबाई म्हणाल्या.

त्याने दाखवला नाही. त्यांनीच तो ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता.

"प्रमोद, हा गाडीचा दोस नाय रं."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पुष्कळ तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा सुकत चालल्यात. आज हात, पुढे पाय, मग बोलणं, गिळणं.

"औषध?" मायाने विचारलं.

"थांबवणारं नाही. वेग थोडा कमी करता येईल."

प्रमोद म्हणाला, "माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे. एका बोटाने फिरतं."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते म्हणाले, "गाडी आजपासून बंद."

कौसाबाईंचा पुतण्या सुजित याने व्हॅन घेतली. त्याच्याकडे लायसन्स होतं, काम नव्हतं. पहिले काही दिवस प्रमोद रस्ता दाखवायला पुढच्या सीटवर बसून गेला. कौसाबाई आपण होऊन मागे सरकल्या होत्या. मग त्याला व्हॅनची पायरी चढणं जमेना.

सुजित एकदा घरी आला. "काका, स्टिअरिंग लय हलकंय. रस्ता हाताला कळतच नाय. काढून टाकू का ते पॉवरचं?"

"गाडी तुझी आहे आता," प्रमोद म्हणाला.

टेकूभाईने ज्या हातांनी बसवलं त्याच हातांनी सगळं उतरवलं. मग एका रविवारी केळी घेऊन तो प्रमोदला भेटायला आला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"पाना पडला ना तेव्हाच मला कळलं होतं," तो म्हणाला. "बोललो असतो तर तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं," प्रमोद म्हणाला. शब्द जड आले, पण समजले.

थंडीपर्यंत पायही गेले. माया आता त्याच पॅकिंगच्या कंपनीत जाते, सुजितच्याच व्हॅनमधून. दिवसभर प्रमोदची आई गयाबाई त्याला पातळ भात चमच्याने भरवते. निम्मा बाहेर येतो. ती पुसते आणि पुन्हा भरवते.

संध्याकाळी माया आली की प्रमोद तिला काहीतरी विचारतो. तिला शब्द कळत नाहीत. ती वाकून पुन्हा विचारायला सांगते, तो पुन्हा प्रयत्न करतो. शेवटी ती "हो" म्हणते. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला कळतं की तिला काही समजलेलं नाही. मग तो भिंतीकडे तोंड वळवतो, आणि ती कपडे बदलायला आत जाते.