चौथी टाळी

आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात आरतीला यंत्र आहे. बटण दाबलं की मोटर फिरते, दांडे नगाऱ्यावर पडतात, घंटा वाजते. मी बायकोला, सुधाला, म्हणायचो, "माणसाचं डोकंही असंच. नुसतं गणित. तुझी श्रद्धासुद्धा त्यातलीच."

"असू दे. तुम्ही चपला सांभाळा," म्हणून ती आत जायची.

तिला जाऊन चार महिने झाले. संध्याकाळी सातला घरात काय करावं ते सुचत नाही, म्हणून हल्ली मी आत जाऊन तिच्या जागी उभा राहतो. श्रद्धा काही आलेली नाही. रडूही येत नाही. सगळं बधिर आहे.

काल आरती चालू असतानाच वीज गेली. दांडे वरच्या वर थांबले. लोक गोंधळून क्षणभर गप्प झाले. त्या शांततेत कुणीतरी एकटंच टाळ्या वाजवत होतं. गुरुजींनी निरांजन माझ्याकडे वळवलं, तेव्हा कळलं, ते माझेच हात होते.

दर चौथी टाळी किंचित उशिरा पडत होती. ही चूक सुधाची. यंत्राच्या गोंगाटातही ती मला बाहेर ओळखू यायची. बहुधा हेही गणितच असेल. पण ते माझ्यात कुणी मांडलं, ते मला ठाऊक आहे.

वीज आली, यंत्र सुरू झालं, आणि माझे हात थांबले. आरती संपल्यावर मी बाहेर येऊन चपला घातल्या. मी आत असताना त्यांच्यापाशी कुणीच उभं नव्हतं.